मिझुया आणि माजघर

गेल्या काही वर्षांत सधन मराठी घरांच्या अंतर्गत सजावटीत ‘जपांडी’ या नावाची एक शैली रुळली असून, जपानी घरातील मोकळेपणा आणि उत्तर युरोपातील उबदार लाकूडकाम यांचा तो मेळ असल्याचे सांगितले जाते. स्वयंपाकघराच्या बाबतीत या शैलीची छायाचित्रे बहुधा एकाच साच्यातली असतात. लांबलचक ओट्यावर एखादे खापराचे भांडे असते, कपाटांना मुठी नसतात, भिंतीला मातकट रंगाचा गिलावा असतो आणि कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट, तेलाची बुधली यांपैकी एकही वस्तू दृष्टीस पडत नाही. पुण्या-मुंबईच्या सदनिकांपुरते मर्यादित असलेले हे चित्र आता फलटण, कराड, सांगली या गावांतील नव्या बंगल्यांच्या आराखड्यांतही दिसू लागले आहे. ज्या घरात वर्षाची ज्वारी भरली जाते, उन्हाळ्यात वर्षभराचा कांदा-लसूण मसाला डंकावर कुटून आणला जातो, आणि कुरडया, सांडगे व लोणच्याच्या बरण्या यांना हक्काची जागा लागते, त्या घरात हे चित्र तसेच्या तसे उतरवल्यास काय होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे रितेपण जपानमध्ये कोठून आले ते पाहावे लागते, कारण ते तेथील स्वयंपाकघरातून आलेले नाही.

जपानी शेतकऱ्याच्या जुन्या घरात स्वयंपाकाची जागा ‘दोमा’ या भागात असे. दोमा म्हणजे घरातील मातीच्या जमिनीचा सखल भाग. तेथे पादत्राणे घालूनच वावरायचे, आणि बसण्या-झोपण्याचा लाकडी चौथरा त्याहून उंच असायचा. दोमाची जमीन माती, चुना आणि समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारे कडू क्षारजल एकत्र करून, चोपण्यांनी चोपून घट्ट केलेली असे. तेथेच ‘कामादो’ ही मातीची अनेक तोंडांची चूल, पाण्याचा रांजण, लाकडाची मोळी, लोणच्याची पिंपे आणि टांगलेले मुळे असत. म्हणजे जागा धुरकट, गजबजलेली आणि बहुधा घराच्या थंड, अंधाऱ्या बाजूची होती. मिहो हामागुची या जपानमधील आद्य स्त्री-वास्तुविशारदांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जपानी घराच्या सरंजामी रचनेवर टीका करताना स्वयंपाकघराला मिळालेल्या या दुय्यम स्थानावर नेमके बोट ठेवले होते. युद्धोत्तर काळात कृषी खात्याच्या महिला कार्यकर्त्यांनी खेडोपाडी धूर कमी करणाऱ्या सुधारित चुलींचा प्रसार केला, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाच्या सदनिकांमध्ये जेवणाची जागा व स्वयंपाकघर एकत्र आले, आणि स्टेनलेस स्टीलचे सिंक घरोघरी पोहोचले. आज ‘परंपरागत’ म्हणून विकले जाणारे जपानी स्वयंपाकघर वयाने फलटणच्या साखर कारखानदारीपेक्षा मोठे नाही, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

रितेपण आले ते चहाच्या खोलीतून. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूने जी परंपरा घडवली, तिच्यातील ‘ताइआन’ ही क्योतोजवळची खोली अवघ्या दोन चटयांची आहे, आणि जपानी चटई साधारण तीन फूट रुंद व सहा फूट लांब असते हे लक्षात घेतले म्हणजे त्या काटकसरीची कल्पना येते. परंतु चहाच्या खोलीला लागून ‘मिझुया’ नावाची दुसरी जागा असते. तेथे पाण्याचे भांडे, वाट्या, फडकी, पळ्या, कोळसा, झाडण्याची पिसे असे सगळे साहित्य मांडलेले असते. बांबूच्या पट्ट्यांची पाणी निथळणारी जमीन, वर फळ्या, भिंतीला बांबूच्या खुंट्या, आणि कोणती वस्तू कोणत्या खुंटीला हे ठरलेले. यजमान तेथून एकेक वस्तू आत नेतो आणि काम झाले की परत आणतो. पाहुण्याला दिसणारी शांतता या न दिसणाऱ्या खोलीतील शिस्तीवर उभी असते. छायाचित्रकार चहाच्या खोलीचे चित्र घेतो, मिझुयाचे घेत नाही, आणि सजावटकार त्या चित्रावरून स्वयंपाकघर बेततो, तेव्हा सारा घोटाळा होतो.

मराठी वाड्याला ही विभागणी नवी नाही. नाईक निंबाळकरांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या फलटणमध्ये आणि आसपासच्या गावांत जे वाडे उभे राहिले, त्यांच्यात सोपा, माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि मागे परसू असा क्रम सामान्यतः आढळतो. धान्यासाठी भिंतीत बांधलेले बळद किंवा बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी, रोजच्या वस्तूंसाठी भिंतीच्या जाडीतच बसवलेले फडताळ आणि कोनाडे, दुधा-दह्यासाठी शिंकाळे, क्वचित लागणाऱ्या जिनसांसाठी मडक्यांची उतरंड. साठवणीची ही विद्या या भागात किती पुढे गेली होती, याचा सर्वांत ठळक नमुना सांगलीजवळच्या हरिपूर येथील पेवांमध्ये दिसतो. तेथील जमिनीत खोदलेल्या खोल पेवांमध्ये हळद कीड न लागता दीर्घकाळ टिकत असे, आणि सांगलीच्या हळदबाजाराच्या वाढीत त्या पेवांचा मोठा वाटा होता. म्हणजे वस्तू नजरेआड ठेवणे, त्या टिकवणे आणि हवी तेव्हा नेमकी हाताशी आणणे ही कला आयात करावी लागत नाही. सदनिकांचे आराखडे करताना कोठीची खोली सर्वांत आधी गाळली गेली आणि तिचा सगळा भार ओट्याखालच्या ट्रॉल्यांवर येऊन पडला, इतकेच.

यावरून फलटणमधील एखाद्या प्रशस्त स्वयंपाकघराच्या आराखड्याचा पहिला निर्णय ठरतो. उपलब्ध जागेचा सुमारे एक तृतीयांश भाग मागच्या कोठीला द्यावा, आणि तो दर्शनी भागातील लाकडाचा व दगडाचा विचार करण्याआधी द्यावा. या कोठीत धान्याच्या कोठ्या, वर्षाचा मसाला, वाटणयंत्र, घरगुती चक्की, मोठी पातेली, सणावारी लागणारी पितळी भांडी आणि खरकटी भांडी घासण्याची मोरी यांची सोय असावी. पुढच्या भागात रोज दोन वेळा लागणारे तेवढेच राहील. बाहेरच्या भिंतीला जाळीची खिडकी आणि छताजवळ झरोका ठेवल्यास धान्याला हवा लागते. तयार कपाटांच्या बंद पेटीत ज्वारीला पोरकिडे लवकर धरतात, हे या भागातील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. दोन्ही भागांच्या मध्ये सरकते दार असावे, पण ते जमिनीवरच्या खाचेत न बसवता वरून टांगलेले असावे. जपानी घरातील सरकत्या दारांची खाच स्वच्छ राहते, कारण तेथे घरात पादत्राणे येत नाहीत आणि हवेत धूळ कमी असते. फलटणच्या उन्हाळ्यात खालची खाच दोन महिन्यांत धुळीने भरून जाम होते.

फलटण तालुका पर्जन्यछायेत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील फलटणला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. नीरा उजव्या कालव्याने येथे ऊस आणला, पण हवा कोरडीच राहिली. जपानची हवा उन्हाळ्यात दमट असते आणि तेथील नैसर्गिक साहित्य हाताळण्याच्या बहुतेक रीती त्या दमटपणाशी जुळवलेल्या आहेत. म्हणूनच तंत्र उचलताना त्यामागचे हवामान पाहावे लागते.

मापांच्या बाबतीत दोन्ही परंपरांत एक साम्य आहे. जपानी सुतार दोन खांबांमधील अंतर ‘केन’ या मापाने मोजतो, ते सुमारे १.८२ मीटर भरते. मराठी वाडा खणांत मोजला जातो आणि खण म्हणजेही दोन खांबांमधील अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे. खांब, तुळया, दारे आणि फडताळे एकाच मापाच्या पटीत आली की खोलीला आपोआप एक शांत लय येते. नव्या स्वयंपाकघरातही कपाटांचे सांधे, फरशीच्या रेषा आणि छताच्या कडीपाटाच्या कड्या एकाच मापात बसवल्यास महागड्या शोभेच्या वस्तूंवाचून भागते. हा या शैलीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

ओट्याच्या उंचीसाठी जपानी उत्पादक एक सोपे सूत्र वापरतात: स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीचा निम्मा भाग अधिक पाच सेंटिमीटर. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ते ८१ सेंटिमीटर येते, म्हणजे साधारण ३२ इंच. भाजी चिरणे आणि ढवळणे यांसाठी ही उंची योग्य आहे. भाकरीसाठी मात्र नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिवट प्रथिनजाळे तयार होत नाही, म्हणून पीठ तळहाताच्या टाचेने, खांद्याचा जोर देऊन मळावे लागते आणि मग परातीत किंवा काठवटीत बोटांनी गोल फिरवत थापावे लागते. हे काम पूर्वी खाली बसून, वरून अंगाचा भार टाकून होत असे. ३२ इंची ओट्यावर सहा-इंची काठाची काठवट ठेवली की थापणारे हात कोपराच्याही वर जातात आणि दहा-बारा भाकऱ्यांनंतर खांदे भरून येतात. म्हणून ओट्याच्या एका टोकाला, शेगडीच्या लगत, अडीच फूट रुंदीचा भाग चार ते पाच इंचांनी खाली उतरवावा. दर्शनी सलग रेषा त्यामुळे मोडते आणि सजावटकार बहुधा त्याला नाखूश असतो. परंतु सातारा-सांगलीच्या घरात भाकरीची जागा नसलेला ओटा अपुराच म्हणावा लागेल.

ओट्याच्या दगडाची निवड हा यानंतरचा प्रश्न. छायाचित्रांतील पांढरा संगमरवर हा रासायनिकदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेट असतो, आणि लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांतील आम्ल त्याला खाते. आमसुलाचे सार सांडून अर्धा तास राहिले की चकाकी जाऊन मंद, खरखरीत डाग उरतो आणि तो पुसून जात नाही. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला काळा कडप्पा आणि करडा शहाबादी हेही चुनखडीचेच दगड असल्याने थोड्याफार फरकाने त्यांची तीच गत होते. याउलट सातारा जिल्हा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला दगड, सिलिकेट खनिजांचा असल्याने स्वयंपाकातील आम्लांना दाद देत नाही. पाटा-वरवंटा आणि जाते याच दगडाचे असते, आणि शतकानुशतके त्यावर चिंच, मिरची, लसूण वाटली गेली आहे. यापेक्षा मोठी चाचणी कोणत्या प्रयोगशाळेला घेता येईल? निवडताना एवढेच पाहावे की दगड घट्ट आणि एकजीव असावा. लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पांढरी खनिजे साचलेली असतात. अशा पांढऱ्या डोळ्यांचा दगड ओट्यासाठी घेऊ नये, कारण ते डोळे मऊ असतात आणि कालांतराने निखळून खड्डे पडतात.

या दगडाला आरशासारखी पॉलिश न करता घासून मंद ठेवावे. जपानी सौंदर्यदृष्टीला ते मानवते हे एक कारण; दुसरे असे की या भागातील विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते आणि चकचकीत काळ्या पृष्ठावर प्रत्येक थेंबाची पांढरी कडी दिसते. दर्शनी कडेला पाथरवटाकडून बारीक टाकी लावून घेतल्यास, म्हणजे छिन्नीने लहान लहान ठोके उमटवून घेतल्यास, दगडाचा मूळ करडा-निळसर रंग उठून येतो. पाट्याला टाकी लावणारे कारागीर कमी होत चालले आहेत, पण अजून मिळतात. अशा कामासाठी यंत्रापेक्षा तेच अधिक योग्य.

लाकडाकडे वळल्यावर जपानी नमुन्यांची निवड अधिक सावधपणे करावी लागते. फिकट, सुवासिक हिनोकी किंवा सुगी ही सूचिपर्णी लाकडे आयात करून फलटणच्या हवेत बसवणे म्हणजे पैसा खर्चून भेगा विकत घेणे होय. लाकूड त्याच्या तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवे मात्र हवेतील ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते; दमट प्रदेशात वाळवलेले लाकूड कोरड्या हवेत आले की फळ्यांमध्ये फटी पडतात. जळके काळे लाकूड, ज्याला ‘याकिसुगी’ म्हणतात, तेही अलीकडे स्वयंपाकघरात बसवले जाते. मुळात ते घराच्या बाहेरच्या भिंतीसाठी असते, आणि आत त्याची काजळी कपड्यांना लागते. येथे सागवानच चांगले, कारण त्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि पाडलेल्या वाड्यांतून मिळणारे जुने सागवान अनेक दशके याच हवेत मुरलेले असल्याने वाकत नाही. त्याचा रंग छायाचित्रापेक्षा गडद असतो, ही तडजोड करावी. मोठ्या दारांसाठी मात्र अखंड फळीचा अट्टाहास नको. पाणी सहन करणाऱ्या, आयएस ७१० प्रतीच्या प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा बसवलेले दार सरळ राहते, आणि त्यात कमीपणा काही नाही. जमिनीला टेकणाऱ्या सर्व कपाटांखाली चार इंचांचा दगडी जोता असला म्हणजे पाणी आणि वाळवी दोन्ही दूर राहतात.

लाकडाला काय चढवायचे या प्रश्नावर फलटणचे स्वतःचे असे एक उत्तर आहे. लाखेचे फ्रेंच पॉलिश सुंदर दिसते, पण गरम पातेले टेकले की पांढरे पडते. जपानी ‘उरुशी’ हा एका झाडाचा चीक असतो. तो वाळत नाही, तर हवेतील ओलाव्यात त्याच्यातील विकराच्या क्रियेने घट्ट होतो, आणि त्यासाठी जी दमट कोठडी लागते ती फलटणच्या मार्च-एप्रिलमध्ये मुद्दाम तयार करावी लागेल. उरतात ती वाळणारी तेले: जवस आणि करडई. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ, लवचीक पापुद्रा तयार होतो. करडईच्या तेलात तळण केल्यावर कढईच्या काठाला जो चिवट, पिवळसर थर बसतो आणि घासून निघत नाही, तो याच क्रियेचा परिणाम. कढईवर जो वैताग, तोच लाकडावर संरक्षक कवच. जवसाच्या मानाने ते सावकाश वाळते, पण कमी पिवळे पडते, म्हणूनच चित्रकार पांढरा रंग कालवण्यासाठी ते पसंत करतात.

फलटण येथे १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नाव करडईच्या संशोधनाशी घट्ट जोडलेले आहे. तेथे विकसित झालेल्या ‘नारी-६’ या बिनकाट्याच्या वाणामुळे पाकळ्या वेचणे सोपे झाले. तीच करडई जपानमध्ये ‘बेनिबाना’ या नावाने यामागाता प्रांतात तांबड्या रंगासाठी पिकवली जाते. जपानी धाटणीच्या स्वयंपाकघराचे लाकूड तालुक्यातल्याच घाण्याच्या करडई तेलाने मुरवणे हा त्यामुळे केवळ काटकसरीचा उपाय ठरत नाही. तेल घाण्याचे आणि जुन्या प्रकारच्या करडईचे असावे. ओलेइक आम्ल वाढवलेल्या नव्या वाणांचे तेल खाण्यासाठी टिकाऊ असते, पण नेमके त्याच कारणाने वाळत नाही, आणि डब्यातील शुद्ध केलेल्या तेलात मिसळलेली, तेल टिकवणारी द्रव्येही वाळणे लांबवतात. फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढावे, आठवडाभर वाळू द्यावे आणि असे चार-पाच हात करावेत. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळणारे तेल, विशेषतः जवसाचे, ऑक्सिजन घेताना उष्णता सोडते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

बांबूच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. त्यातील पिष्टामुळे त्याला भुंगे लागतात, म्हणून तो पावसाळा संपल्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला असावा. भांडी निथळण्याची जाळी, खुंट्या आणि कोठीच्या फळ्या यांसाठी तो उत्तम. ओट्यालगत पाणी साचणाऱ्या जागी नको.

चुन्याच्या गिलाव्याची गंमत निराळी आहे. जपानी ‘शिक्कुई’ म्हणजे चुना, तागासारखे धागे आणि समुद्रशैवालाची खळ. मराठी वाड्याचा गिलावा म्हणजे घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी. दोन्ही भिंती ओलावा घेतात व सोडतात, आणि दोन्हींवर पडणारा उजेड मऊ असतो. पण सांगलीच्या हळदीचा, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या हळदीचा, हात नव्या चुन्याच्या भिंतीला लागला की डाग पिवळा न राहता तांबडा होतो, कारण अल्कधर्मी चुना हळदीतील रंगद्रव्याचे रूप बदलतो. परंपरागत कुंकू तयार करण्यामागे हेच रसायन आहे. उन्हात ते रंगद्रव्य विरते, त्यामुळे खिडकीसमोरची भिंत पुष्कळदा स्वतःच साफ होते, शेगडीमागची होत नाही. शेगडीच्या मागे ओट्याचाच दगड दोन फूट उंच चढवावा आणि चुना त्याच्या वर सुरू करावा.

जपानी दृष्टी आणि भारतीय साहित्य यांचा असा संयोग प्रत्यक्षात झालेला आहे आणि तो ‘जपांडी’ या शब्दाच्या कितीतरी आधीचा आहे. जपानमध्ये अनेक वर्षे काम केलेले वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांनी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमासाठी ‘गोलकोंड’ ही निवासी इमारत योजली, आणि तिच्या कामावर देखरेखीसाठी १९३७ मध्ये जॉर्ज नाकाशिमा हा तरुण जपानी-अमेरिकन वास्तुविशारद तेथे आला. पुढे लाकडी आसबाबासाठी तो जगप्रसिद्ध झाला आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्याने काम केले. गोलकोंडमध्ये काळी कडप्पा फरशी, सागवानी पट्ट्यांची सरकती दारे आणि चुन्याचा घोटलेला गिलावा आहे. जपानहून आणले ते फक्त प्रमाण आणि संयम. महाराष्ट्रात बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने अलिबागजवळ नांदगाव येथे २००७ मध्ये पूर्ण केलेल्या ‘पामायरा हाउस’मध्ये ताडाच्या लाकडाच्या पट्ट्या वापरल्या आणि पुढे याच स्टुडिओने जपानमधील ओनोमिची येथे जुन्या इमारतीचे रूपांतर केले. म्हणजे ही देवाणघेवाण एकतर्फी नाही.

प्रकाशाविषयी जुनिचिरो तानिझाकी यांच्या १९३३ च्या सावल्यांवरील निबंधाचा हवाला नेहमी दिला जातो. तो जेवणाच्या खोलीला लागू करावा. ज्या हातात विळी किंवा सुरी आहे, त्या हाताला सावली उपयोगाची नाही. वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार, रंग नीट दाखवणारा दिवा सलग बसवला की काम भागते. छताला दिव्यांची रांगोळी काढण्याचे कारण उरत नाही.

शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा धुराचा. जपानी रोजचा स्वयंपाक मोठ्या प्रमाणात उकडण्या-शिजवण्याचा असल्याने बैठकीला उघडे असलेले स्वयंपाकघर तेथे निभावते. लसूण-मिरचीची फोडणी, मसाला भाजणे आणि तव्यावरची भाकरी यांतून धूर आणि तेलाचे सूक्ष्म कण उडतात आणि ते तेल न लावलेल्या लाकडावर, चुन्यावर, बांबूवर कायमचे बसतात. चिमणीच्या क्षमतेचे आकडे जाहिरातीत मोठे असतात, परंतु नळी लांब, अरुंद आणि दोन-तीन वळणांची असेल तर ती क्षमता कागदावरच राहते. सहा इंच व्यासाची सरळ, आखूड नळी बाहेरच्या भिंतीतून काढणे हा खरा उपाय. जुन्या माळवदाच्या घरात छतातले सवणे हेच काम विनाखर्च करीत असे. मसाला भाजणे, तळण आणि मासळी-मटण यांच्यासाठी मागच्या कोठीत दुसरी शेगडी असावी.

इंधनाचा विचार फलटणमध्ये तरी जुना आहे. निंबकर संस्थेने गोड ज्वारीपासून इथेनॉल तयार करून त्यावर चालणाऱ्या शेगड्या आणि उजेडासह स्वयंपाकाची सोय करणारे ‘लॅनस्टोव्ह’ हे उपकरण विकसित केले, डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने सुधारित चुली आणि खरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र यांवर काम केले, आणि त्या संयंत्रासाठी तिला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. हे काम गरीब घरांच्या धुराने भरलेल्या चुलींसाठी झाले. पण ज्या बंगल्याला परसू आहे, त्याने सागवान आणि पाषाणावर खर्च करताना परसात असे एक संयंत्र बसवण्यास हरकत नसावी, कारण शिळी भाकरी, भाताची पेज, आंब्याच्या कोयी यांवर ते चालते आणि कोठीतली दुसरी शेगडी त्यावर काही काळ तरी पेटते. दर्शनी ओट्यावर इंडक्शनची सपाट काच बसवण्याचा मोह रास्त आहे, धग आणि ज्योत दोन्ही टळतात. मात्र तांब्याचे भांडे आणि खापराचा तवा त्यावर तापत नाही, आणि तव्यावरून उतरवलेली भाकरी फुगायला जाळावरच धरावी लागते, त्यामुळे खाली उतरवलेल्या ओट्याच्या शेजारी एक तरी उघड्या ज्योतीची शेगडी ठेवूनच आराखडा पक्का करावा.